गायरानातले पांढरे दगड

येलदरी, ता. जिंतूर
८ जून २०२५

चि. दीपिकास अनेक आशीर्वाद.

आपण मेंढकी माणसं, तू आणि मी. आपलं गाऱ्हाणं एकच: मेंढरांमागे बाहेर पडलो की सरकारी कागदावर आपण नसतोच. काल गंगाखेडकडून कळप घेऊन परतलो, तर गायरानात हद्दीचे पांढरे दगड रोवलेले. सरपंच रामकिशन म्हणाले की तुझी कंपनी इथे विमानाची इंजिनं चालवून तपासणार. त्यांनी कंपनीचं छापील पुस्तकही दिलं. अकरा देशांत कारखाने, दोन हजार संशोधक, दहा वर्षांत धंदा चौपट. मी अक्षरन् अक्षर वाचलं. एवढा पसारा असून यांना आमचंच रान का लागावं? मला दाट संशय आहे. मागे खाणीत सुरुंग लावले, तेव्हा त्या आवाजाने आपल्या चौदा मेंढ्यांनी गाभ टाकला होता. पुस्तकात मेंढीचं नाव नाही.

तुझी काकू भागुबाई म्हणते की पोरगी लय शिकली, आता आमालाच हुसकायलीय. तू पाठवलेले पेढे तिने उघडलेले नाहीत.

रागाने लिहिलं तरी माया कमी समजू नकोस.

तुझा काका, बिरदेव

पुणे
१५ जून २०२५

ती. बिरदेवकाकांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी मलाच राग आला. तुमच्या भाषणात कंपनी आली की ती राक्षसच असते! इंजिन तपासायला वस्तीपासून लांब, मोकळी जागा लागते. कमी इंधन खाणाऱ्या या इंजिनाच्या एका पात्याच्या धातूवर आम्ही सहा वर्षं घातली. चार देशांतून मागणी आहे.

पण मेंढ्यांचं वाचून मी जागेच्या पाहणीचा अहवाल काढला. ‘गायरानात जनावरं आढळली नाहीत.’ पाहणी जानेवारीतली. तेव्हा तुम्ही गंगाखेडला खतासाठी शेतांत मेंढरं बसवत होता. काका, तो अहवाल तपासून सही करणारी मीच. माझा जन्म पालातला, तरी मी आवाजाचे आकडे तपासले आणि महिना पाहिला नाही.

आमच्या साहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले की सही झालेला कागद उकरायचा नाही, नोकरी सांभाळा. तुम्ही ओरडू नका. मी आतून बघते. काकूला म्हणावं, पेढे टिकत नाहीत.

तुमच्या धाकातली,
दीपिका

येलदरी
२१ जून २०२५

चि. दीपिकास आशीर्वाद.

खोटं कशाला लिहू, तुझ्यावरही संशय आला. काकूनेच मला झापलं, की स्वतःची चूक स्वतः कळवणारी पोर परकी कशी होईल.

तरी ‘आतून बघते’ यावर माझा भरवसा नाही. इंजिनाशी माझं वैर नाही. धातूला सहा वर्षं देणाऱ्यांनी आमच्या रानाला एक पावसाळा द्यावा, कळप इथे असताना पुन्हा पाहणी करावी. या कामाची जनसुनावणी तीस तारखेला, सकाळी अकराला, शाळेत आहे. मी उठलो तर लोक हसतील, की बिरदेव काय, बोलतच असतोय. कंपनीचे साहेब मान हलवून मंजुरी घेऊन जातील. तुझी नोकरी पणाला लागेल हे मला कळतं, आणि ते मी हलकं मानत नाही. पण तो कागद खोटा पाडील असं माणूस तूच एक.

तीस तारखेला ये, आणि सगळ्यांदेखत तुझी सही मागे घे.

बिरदेव