रुमालांमागचा समुद्र

अग्बेडोर, ता. ९ जून

ती. सेलोर्मदादास,
धाकट्या मावुएनाचा शि. सा. न. वि. वि.

तू फोन चिडून मध्येच ठेवतोस, म्हणून कागद घेतला. पुन्हा तेच विचारते, समुद्र आत सरकतोय, तर आईला किनाऱ्यावरच्या दफनभूमीतून उचलून खाजणापलीकडे न्यायचं का? थोरल्या मुलाच्या होकाराशिवाय इथे कुणी फावड्याला हात लावणार नाही.

दफनभूमीलगतच्या चर्चपुढे किनारा-मोजणीवाल्यांनी लोखंडी खांब रोवलाय. खाचेत कुणीही मोबाईल ठेवायचा, समोरचा फोटो काढून त्यांना पाठवायचा. किनारा कसा बदलतो ते कळतं म्हणे. आम्ही बायका दर रविवारी पाठवत होतो. परवा त्यांच्याकडची एक मुलगी आली नि कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, मावशी, समुद्र मागितला होता, तुम्ही डोईचे रुमाल पाठवलेत! खरंच, नटूनथटून आम्हीच समोर उभ्या. अफीमावशीने उलट तिलाच विचारलं, की नुसत्या पाण्याचा फोटो कशाला? पाणी काय नटून आलंय?

उत्तर धाड. माया पातळ होऊ देऊ नकोस.
मावुएना

कुमासी, ता. १७ जून

चि. मावुएनास अ. उ. आ.

तुला लहानपणापासून घाईच. समुद्राला देवाने हद्द घालून दिलीय, हे तूच मला सांगायचीस ना? लाटा ऐकू येतील तिथेच ठेव, म्हणून आईने माझा हात धरला होता. तो शब्द मोडू? तिच्या कबरीपुढे नारळांची रांग आहे, तिच्यापुढे होड्या ओढायची वाळू. फोटोबिटो दाखवून भिववू नकोस. रुसू नकोस, खुशाली कळव.
सेलोर्म

अग्बेडोर, ता. २८ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

त्या मुलीने सगळे फोटो तारखेवार लावून चर्चच्या भिंतीवर दाखवले. आधी हशा. अफीमावशी दर रविवारी त्याच दगडापाशी, तेच दात काढून! मग हसणं आपोआप थांबलं. आम्ही जागच्या जागी, आणि मागे नारळ एकेक करून नाहीसे होत होते. पहिल्या फोटोत समुद्र म्हणजे लांब एक रेघ. शेवटच्यात आमच्या खांद्यांमागे नुसतं पाणीच पाणी. आम्ही त्याच्याकडे पाठ करून हसत होतो, दादा.

मी गुडघ्यांवर बसले. भीतीने नव्हे. एवढं थोर काही इतक्या गुपचूप चालत येतं, हे बघून. हद्द देवाने घातली असेलच, पण कुठे, ते त्याने आपल्याला विचारून ठरवलेलं नाही.

फोटो कुमासीच्या बसड्रायव्हरबरोबर धाडलेत. बघ, मग रागव.
तुझीच, मावुएना

कुमासी, ता. ३ जुलै

चि. मावुएनास अ. उ. आ.

फोटो जमिनीवर ओळीने मांडले, चपला काढून बघितले. ते नारळ मी आईबरोबर लावले होते.

शनिवारी येतो. पहिलं फावडं मी मारणार. तोवर तू आईपाशी जा आणि सांगून ठेव, थोरला शब्द मोडायला येतोय.
सेलोर्म