मामाच्या दुकानातलं स्टूल

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात). तुझं ब्लडप्रेशर आता कसं आहे? वहिनीने दाढ काढली, की अजून "बघू पुढच्या आठवड्यात" चालूच आहे? इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहेत. हे पत्र सकाळची गोळी घेऊन, पाठीला उशी लावून वाच. काळजीचं काही नाही, पण उशी घे.

तू विचारलंस की भाचा एक तारखेपासून दुकानात येतोय की नाही, आणि गल्ल्याशेजारचं स्टूल त्याच्यासाठी आठ महिने रिकामं ठेवल्यामुळे तुझी दोन माणसं उभ्याने खिळे तोलताहेत. वाचून मला इतकी शरम वाटली की उत्तर लिहायला तीन आठवडे लागले. उत्तर देतेच आहे, पण आधीचं सगळं सांगितल्याशिवाय तुला ते पटायचं नाही.

तुझा भाचा करतो ते हिप-हॉप म्हणजे काय ते प्रथम सांगते, कारण मलाही ते दोन वर्षांनी कळलं. त्यात गायचं नसतं, ठेक्यावर भराभर बोलायचं असतं आणि ओळींचे शेवट एकमेकांना जुळवायचे असतात. (आपले अण्णा रागावले की असंच बोलायचे, फक्त मागे वाद्यं नसायची.) इतर मुलं मागचं संगीत यंत्रातून काढतात म्हणे, बटण दाबलं की झालं. तुझ्या भाच्याला यंत्र चालत नाही. सगळं माणसांनी, हातांनी, लोकांच्या समोर वाजवलेलं पाहिजे. विकतचं आणू नका, घरी ताजं करा, असं वीस वर्षं मीच त्याच्या कानीकपाळी ओरडत आले, तेव्हा आता तक्रार कुठल्या तोंडाने करू?

तर अशी माणसं त्याने जमवली. बेस गिटार वाजवते ती दातांच्या दवाखान्यात काम करते (ही जाड तारांची गिटार कानांना कमी आणि फळीवरच्या भांड्यांना जास्त ऐकू येते). पोरगी अगदी शांत. वहिनीच्या दाढेचं तिला विचारून ठेवलंय, ती म्हणते काढूनच टाका. ट्रम्पेट फुंकतात ते निवृत्त पोस्टमन, त्यांना सगळे तात्या म्हणतात. दम लागला की ते मधेच खुर्चीत बसतात, आणि लोकांना वाटतं गाण्यातच तसं बसवलंय. ड्रमवर असतो तो कुरिअरची पाकिटं वाटणारा, त्याचं नाव पडलंय अर्जंट. तालीम आमच्या मागच्या खोलीत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून माझ्या सहाही गाद्या भिंतींना टांगल्यात आणि आम्ही दोघं सतरंजीवर झोपतो. पहिला कार्यक्रम एका टायरच्या दुकानाच्या उद्घाटनाला झाला. मालक म्हणाला, छान आहे, फक्त ते बोलणं काढून टाका. दुसरा एका शाळेत झाला, म्हणजे निम्मा झाला, मग मुख्याध्यापिकाबाईंनी मेन स्विच बंद केला.

खोट एकच होती, अर्जंटची. गाणं सुरू करायचा संथ, आणि संपेपर्यंत असा सुटायचा की आपल्या मुलाला श्वास घ्यायला जागा उरायची नाही. कानात टिकटिक करणारं यंत्र मिळतं, पण यंत्र आमच्याकडे चालत नाही हे वर सांगितलंच. एकदा मी दारात जप करत बसले होते. माझ्या लक्षात आलं की काल याच गाण्यात एक माळ पुरी होऊन वर बारा मणी झाले होते, आणि आज ऐंशी मण्यांतच गाणं संपलं. मी तसं सांगितलं. "मावशी, तुम्हाला कसं कळलं?" म्हणून तो आ वासून बघायला लागला. म्हटलं, "अरे, चाळीस वर्षं एकाच चालीने जपतेय. माझा मणी कधी धावत नाही." तेव्हापासून मी ड्रमसमोर बसते, अर्जंट माझ्या अंगठ्यावर नजर ठेवून वाजवतो, आणि कुठलं गाणं किती मण्यांचं हे मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते. (देवाची रोज क्षमा मागते. अजून त्याने हरकत घेतलेली नाही.)

आता मुद्द्याचं. आमच्या ह्यांनी मुलाला शेवटचं सांगितलं: नाट्यगृहात कार्यक्रम आहे ना, पन्नास माणसं शेवटपर्यंत थांबली तर आणखी एक वर्ष कर काय करायचं ते. एकोणपन्नास झाली, तर एक तारखेला मामाकडे. मुलगा हो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी बघते तर दुकानात घालायचे दोन शर्ट त्याने स्वतःच इस्त्री करून टांगून ठेवलेले. जन्मात कधी इस्त्रीला हात लावला नव्हता रे त्याने.

कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत, हातात माळ. शेजारी हे, मान मागे वळवून डोकी मोजताहेत. पहिल्या गाण्याला शंभराच्या वर, तिसऱ्याला बासष्ट, चौथ्याला एक्कावन्न, आणि त्यातले दोघं खुर्चीखाली पायाने चपला शोधताहेत. शेवटचं गाणं नवीन होतं. मी भाजी आणायला गेले की ते बसवायचे. माझ्यापासून का लपवलं ते दुसऱ्या ओळीलाच कळलं. दादा, उशी आहे ना पाठीला? गाणं तुझ्या दुकानावर होतं. मामाचा गल्ला, मामा एकच खिळा तीनदा तोलतो, आणि मामाने माझ्यासाठी स्टूल ठेवलंय, त्यावर बसलो की माझी पाठ मामासारखी होणार.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. देवाचा धावा सुरू केला तो असा, की अंगठा कुठल्या कुठे धावायला लागला. अर्जंटची नजर त्याच्यावर आहे हे मी साफ विसरले! तो सुटला. दवाखान्यातल्या पोरीने दात आवळले. तात्या उभे राहिले ते बसेचनात. आणि आपल्या मुलाच्या तोंडून शब्द गारांसारखे पडायला लागले, एकही चुकला नाही. चपलावाले परत फिरले, बाहेर चहा पीत उभे असलेले आत आले, सगळं नाट्यगृह उभं राहून "मामा! मामा!" ओरडायला लागलं. तेवढ्यात माझी माळ तुटली. मणी टणाटण चहूकडे गेले, अर्जंट जागच्या जागी थांबला, आणि अर्जंट थांबला म्हणून सगळेच एका ठोक्यावर थांबले. लोकांना वाटलं काय बसवलंय! पाच मिनिटं टाळ्या.

किती थांबले, असं ह्यांना विचारलं, तर हे खुर्च्यांखाली मणी शोधत होते. मोजायचं राहिलं म्हणाले. पण खांदे गदागदा हलत होते. (आमच्या लग्नानंतरची तीन वर्षं ह्यांनी त्याच स्टुलावर काढलीत, आठवतंय ना?) मणी एकशे सात सापडले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: एक तारखेला तो नक्की येतोय. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता.क. येतोय, पण राहायला नाही. ह्यांनी न मोजताच एक वर्ष दिलं.

ता.क. दुसरं. आणखी पाच कार्यक्रम ठरलेत आणि सगळ्यांना तेच गाणं हवंय. मामा नको म्हणाला तर ते गाणं करणार नाही, असं तुझा भाचा म्हणतो, आणि ते शर्ट अजून टांगलेलेच आहेत. दादा, गाण्यात तुझं नाव नाही. फक्त टक्कल, चष्म्याची दोरी आणि दिलेलं पेन लगेच परत मागायची तऱ्हा आहे. कुणाला ओळखू येणार नाहीस.

ता.क. शेवटचं. तुझं हो असेल तर अर्जंट गाडी घेऊन त्याच्याबरोबर येईल. तेवढं स्टूल देऊन टाक, त्यांना ते रंगमंचावर हवंय. मागचा डावा पाय दुरुस्त करू नकोस आणि खालची पुठ्ठ्याची घडीही राहू दे, तिच्यावर अख्खं एक कडवं आहे. मधोमध रिकामं ठेवणार आहेत, तू आठ महिने ठेवलंस तसंच. तू आलास तर बसायचा मान तुझा. येताना गोळी घेऊन ये.