जिममधली रांगोळी आणि तुमचा डावा कान

बाबा, तुमचा डावा कान फिसकटला. बाकी चेहरा मात्र जमला. जमला म्हणजे काय, असा जमला की मी दोन पावलं मागे सरून बघितलं आणि अंगावर काटा आला! जाड काड्यांचा चष्मा, एक भुवई जरा वर, हनुवटीवरचा खड्डा. वाटलं, आता उठून बसाल आणि विचाराल, "खिडक्या लावल्यास का गं?" लावल्या होत्या हो, सगळ्या लावल्या होत्या. पंखेही बंद होते. जपानात, एका बंद पडलेल्या शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळायच्या हॉलमध्ये, तुमच्या सगळ्या नियमांप्रमाणे मी रांगोळी घातली. कालपासून हे कुणाकुणाला सांगत सुटले आहे. नवऱ्याला दोनदा सांगितलं, ताईला फोनवर सांगितलं, तरी पोट भरत नाही. म्हणून आज ऑफिसला सुट्टी टाकून तुम्हाला लिहायला बसले.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल की हिच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा. आम्ही टोकियोत ओजिमाला राहतो, सरकारी बिल्डिंगीत. आपली माणसं इथे इतकी आहेत की दिवाळीत लिफ्टसमोर रांगोळी घातली तर आता कुणी दचकत नाही. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई गेल्या दिवाळीत फराळाला आल्या होत्या. चकली हातात धरून त्या रांगोळीसमोर उकिडव्या बसल्या त्या उठेचनात. त्यांचं माहेर उत्तरेला, समुद्राकाठचं छोटं गाव. त्या मोठ्या भूकंपानंतर समुद्र आत आला आणि खालचं अर्धं गाव घेऊन गेला. टेकडीवरची शाळा वाचली, पण पुढे मुलंच उरली नाहीत म्हणून तीही बंद झाली. आता दर शरद ऋतूत त्या रिकाम्या शाळेत एक लहानसा कलामहोत्सव भरतो. सुरू केला तो तिथे इंग्रजी शिकवायला आलेल्या एका आयरिश बाईंनी. त्यांचं म्हणणं, आमच्या देशात चार घरांचं गाव असलं तरी असा महोत्सव भरतो, मग इथे का नको? एका वर्गात मातीची भांडी करायला शिकवतात, व्हरांड्यात शाईने लिहिलेल्या अक्षरांचं प्रदर्शन असतं, वाचनालयात ज्याला जे वाटेल ते तो मोठ्याने वाचतो. तर शेजारच्या बाईंनी विचारलं, रांगोळीचं वर्कशॉप घ्याल का? मी हो म्हणाले. तिथे थांबायचं ना! पण नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील रांगोळीत माणसांचे चेहरे काढायचे. मी पण एक चेहरा काढते."

झालं. आता बोलून बसले. आणि बाबा, चेहरा तर मी जन्मात काढला नव्हता.

तुम्ही काढू दिलाच कुठे? वर्षभर मिरजेच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात फायलींत मान घालून बसणारे तुम्ही, दिवाळीची सुट्टी लागली की कुणी वेगळेच व्हायचात. आई चकल्या तळत असायची आणि तुम्ही घरातून गायब, नगरपालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये. पंखे बंद, खिडक्या बंद, ऑक्टोबरचा उकाडा, आणि फळीवर पोटावर आडवे झालेले तुम्ही. नखांत निळा रंग. लोक रांगेने यायचे आणि म्हणायचे, "फोटोच की हो!" तुम्हाला याचा काय राग यायचा! "फोटो नव्हे, रांगोळी आहे ही," असं दरवेळी ठणकावून सांगायचात. माझं काम रांगोळी चाळायचं आणि कडेची वेलबुट्टी काढायचं. एकदा कुठल्याशा पुढाऱ्याच्या मिशीत काळा भरायला मी चिमूट पुढे केली तर तुम्ही माझं मनगटच धरलंत. "चेहरा म्हणजे खेळ नाही. हात बसू दे, मग बघू." चार लोकांत बोललात, मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी तुमची ती लहान पितळी गाळणी माझ्या हातात ठेवलीत. म्हणालात, "हिच्यातून पडलेली रांगोळी गुठळी धरत नाही." त्यावरून मी समजून घेतलं की हात बसत चाललाय. पण ते "मग बघू" तिथेच राहिलं. मी कॉलेजात असताना तुम्ही एका दुपारी ऑफिसातूनच गेलात, आणि माझा हात बसला की नाही हे सांगणारं कुणी उरलं नाही.

म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. आणि दुसरी गोष्ट म्हणजे माझी लेक. तेरा वर्षांची आहे, जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते जपानीत. तिच्यासाठी आजोबा म्हणजे ताईच्या हॉलमधली हार घातलेली फ्रेम. दोन वर्षांतून एकदा मिरजेला गेलो की मी सांगते म्हणून ती नमस्कार करते, आणि लगेच मोबाईल बघायला लागते. तिची काय चूक? ज्या माणसाला कधी पाहिलं नाही त्याच्यावर माया कुठून येणार? मग मी ठरवलं, काढायचाच तर तुमचा चेहरा काढायचा. पुढारी नको नि देव नको. जमला तर पोरीला आजोबा दिसतील. नाही जमला तर तुम्ही कसे दिसायचात हे त्या गावात कुणाला माहीत आहे!

ताईने रांगोळी आणि रंग पाठवायचे म्हटल्यावर नवरा कपाळाला हात लावून बसला. "अगं, पांढरी पावडर! कस्टमवाले काय म्हणतील?" शेवटी तो कामासाठी पुण्याला गेला तेव्हा येताना स्वतःच घेऊन आला. विमानतळावर साहेबाला मोबाईलवर लिफ्टसमोरच्या रांगोळीचा फोटो दाखवला म्हणे. साहेब दोन मिनिटं बघत राहिले, मग वाकून नमस्कार करून म्हणाले, जा. तेव्हापासून नवरा स्वतःला या महोत्सवाचा आधारस्तंभ समजतो.

माझं जपानी ऑफिसपुरतंच, म्हणून लेक दुभाषी म्हणून आली, तीही तोंड फुगवून. जिममध्ये बास्केटबॉलच्या पट्ट्यांवर त्यांनी काळ्या रंगाच्या फळ्या जोडून ठेवल्या होत्या. दाराशी एक आजी बसलेल्या, ऐंशीच्या पुढच्या, येणाऱ्या प्रत्येकाचे बूट नीट रांगेत लावणाऱ्या. पहिल्या दिवशी वर्कशॉप. मी ठिपके कसे जोडायचे ते दाखवते आहे, सगळे श्वास रोखून चिमटीतून पांढरी रेघ सोडताहेत, आणि बाबा, काय शिस्त! रेघ जरा जाड पडली तर माझी माफी मागतात. मी सांगतेय, "दाइजोबु, दाइजोबु," म्हणजे असू द्या हो, काही बिघडत नाही. पण एक गोष्ट ना माझ्या ध्यानात आली ना त्यांच्या. जिममध्ये सगळे नुसत्या मोज्यांवर. वर्कशॉप संपलं आणि मंडळी भांडी बघायला, वाचन ऐकायला पांगली, ती मोज्यांना लागलेले रंग घेऊन! सगळ्या व्हरांड्यात लाल, हिरवी, पिवळी पावलं. वाचनालयात आयरिश बाई त्यांच्या भाषेतलं काहीतरी वाचत होत्या, कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, सगळे शांत बसलेले, आणि दारापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत पावलंच पावलं. मी ओलं फडकं शोधायला लागले. मग लेक खुदकन हसली आणि जपानीत म्हणाली, "आई, तू दिवाळीत दारात काढतेस ना, तश्शीच." लक्ष्मीची पावलं म्हणायचं होतं तिला. लक्षात होतं तर!

दुसऱ्या दिवशी तुमचा चेहरा काढायला घेतला. तुमच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून, चौकोन आखून. डोळ्यांपाशी आले आणि उठून बाहेर गेले, मशीनमधला गरम चहा प्यायले, परत आले. मग मनात म्हटलं, बाबा नाहीत, कुणी मनगट धरणार नाहीये, घाल. आणि घातला हो! डावा डोळा झाला, उजवा झाला, आणि दुपारपर्यंत तुम्ही माझ्याकडे बघायला लागलात. आजी येऊन माझ्याशेजारी चटईवर बसल्या आणि लेकीला विचारलं, हे कोण? लेक म्हणाली, माझे आजोबा. मी ऐकत होते. "आईचे बाबा" म्हणाली नाही, "माझे आजोबा" म्हणाली.

शेवटच्या दिवशी सकाळी नुसत्या गळ्यापाशी सावल्या टाकायच्या राहिल्या होत्या. दारं उघडायला वेळ होता. आणि सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. इथे भूकंपाच्या आधी असे किंचाळतात. पाठोपाठ जमीन हलली. वर दिवे खडखडायला लागले. लेक शाळेत शिकवल्याप्रमाणे सर्रकन टेबलाखाली गेली. आणि मी काय केलं असेल? मी फळीच्या कडेवरून दोन्ही हात पसरून रांगोळीवर ओणवी झाले! छप्पर डोक्यात पडेल हा विचारसुद्धा आला नाही. खिडक्या लावा, पंखे बंद करा, रांगोळी सांभाळा, एवढंच अंगात भिनलेलं. आजी जपानीत ओरडत होत्या, "डोकं! डोकं!" लेकीने माझा पाय धरून फराफरा ओढत मला टेबलाखाली घेतलं. थोड्या वेळात सगळं थांबलं. छोटाच होता, पेल्यातलं पाणीही सांडलं नाही. चेहरा जसाच्या तसा होता. तुमचा कान गेला तो भूकंपाने नाही, माझ्या कोपराने.

मला हसू येणार होतं, पण आजींकडे बघितलं आणि थांबले. त्या संतापल्या होत्या. भराभरा काहीतरी बोलल्या, तिकडच्या गावठी जपानीत, मला काही कळेना. लेकीचा चेहरा पांढरा पडला. आणि तिने मला सांगितलं, सावकाश, एकेक शब्द शोधत, मराठीत. "आजी म्हणतात, त्यांची बहीण फोटोंचा अल्बम आणायला परत घरी गेली. पाणी येत होतं तेव्हा. मग ती आली नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आजींचे दोन्ही हात धरले. शेवटी त्यांनीच माझ्या कोपराला लागलेली रांगोळी झटकली. कान पुन्हा घालायचा होता, पण तुम्हीच सांगा, तेव्हा कुठला हात बसतोय? तसाच ठेवला.

आणि मग लोक आले. आले म्हणजे काय, रांग जिन्यापर्यंत! प्रत्येक जण फळीच्या कडेला गुडघे टेकतोय, तोंडावर हात धरतोय, श्वास लागू नये म्हणून. एका आजोबांनी विचारलं, हा फोटो कुठे छापून घेतला? लेकीने माझ्याकडे न बघताच ठणकावलं, "फोटो नाही, ही रांगोळी आहे." हे तिला कुणी शिकवलं, बाबा? मी तर कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आवराआवर. मी म्हटलं, आता पुसायची. आयरिश बाई म्हणाल्या, नको ना, वर काच बसवू. कुणी म्हणालं, प्लॅस्टिक घालू. मी म्हटलं, नाही, आमच्यात पुसतात. मग दुसराच गोंधळ. ही पावडर जळणाऱ्या कचऱ्यात टाकायची की न जळणाऱ्या? कमिटीची माणसं गोल करून गंभीरपणे उभी राहिली. एकाने तर नगरपालिकेला फोन लावला! दगडाची आहे हे कळल्यावर सर्वानुमते न जळणारा. तोवर आजी झाडू घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला.

मी झाडू धरून उभी. तुम्ही खालून माझ्याकडे बघताय. आणि लेक आली, माझ्या हातातला झाडू काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, कुणी विचारलं नसताना, मराठीत, "आई, आजोबांना मी पुसू? हाताने?"

मी मान हलवली. 

"कुठून सुरू करायचं?"

"कानापासून," मी म्हटलं. "आजोबा नेहमी कानापासून सुरुवात करायचे."

ती उकिडवी बसली. तुमच्यासारखाच खालचा ओठ दातांत धरला, तळहात डाव्या कानावर ठेवला आणि हळूहळू गालाकडे ओढत नेला. आजी बाजूला हात जोडून उभ्या होत्या. मी पोरीकडे बघत होते आणि रडत होते, आणि खरं सांगते, आनंदानेच रडत होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक कबूल करायला हरकत नाही. बाबा, मी तिला थाप मारली. प्रदर्शन संपलं की दरवर्षी तुम्ही माझ्या हातात पैसे ठेवून म्हणायचात, "जा, गरम वडे घेऊन ये," आणि मी परत येईपर्यंत फरशी स्वच्छ असायची. तुम्ही कुठून पुसायला सुरुवात करायचात, मी कधी बघितलंच नाही.