हरल्यावरची मेजवानी

प्रिय व्हर्जिल,

शुक्रवारी आपल्या नातवाचा फुटबॉल संघ हरला. कोल्टन क्वार्टरबॅक, चेंडू फेकायचं काम त्याचं; पण चेंडू हातात असतानाच समोरच्यांनी त्याला पुन्हा पुन्हा आडवा केला. नंतर हॉटेलात गावाने नेहमीचाच निकाल दिला. रॉइस तर ओरडलाच, "पोराचा काय दोष? त्याला राखणारे पाच धटिंगण नुसते खांबासारखे उभे!"

तुझ्या वेळी क्वार्टरबॅक रॉइस होता, त्याला राखणाऱ्या पाचांत तू. तेव्हाही हरल्यावर तो हेच म्हणाला होता. तू मरेपर्यंत ऐकून घेतलंस.

तेवढ्यात कोल्टन आपल्या पाचांना घेऊन आला आणि त्यांच्यासाठी स्टेक मागवले.

"अरे, ही मेजवानी क्वार्टरबॅकने जिंकल्यावर द्यायची असते!" रॉइस हसला.

"रॉइसकाका, यांनी समोरच्यांना पुरेसं थोपवलं होतं. चेंडू मीच वेळेत फेकला नाही."

माझी मान अशी ताठ झाली, की तू पाहायला हवं होतंस. मी आणखी एक स्टेक मागवला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायला लावला.

"रॉइस," मी म्हणाले, "हे ताट व्हर्जिलचं. पैसे तू देणार."

त्याने पाकीट काढलं.

तुझीच,
लोरेटा