सूनबाईंच्या व्हायोलिनचा कारभारी

सन्माननीय व्याही महाशय यांस,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. घरात चांगला चालू फोन असताना हा गृहस्थ कागदावर का उतरला, असं विहीणबाई विचारतील. त्यांना सांगा की फोनवर पलीकडच्याचा आवाज ऐकावा लागतो, आणि तूर्त तुमचा आवाज ऐकायचं धैर्य माझ्यात नाही. विहीणबाईंना नवा चष्मा मानवला का? तुमची सकाळची फेरी चालू असेलच. इकडे सगळे प्रकृतीने ठीक आहेत. (प्रकृतीने, असं मुद्दाम लिहिलं आहे.) माझा रक्तदाब या दिवसांत वाढेल अशी मला आशा होती, म्हणजे निदान घरचे जरा हळू बोलले असते, पण डॉक्टरांनी पट्टा गुंडाळून सांगितलं की अगदी उत्तम आहे. लाज रक्तदाबात मोजता येत नाही, असं दिसतं.

तुमच्या कानावर काही आलं असेल-नसेल. तुमची लेक सांगणार नाही, तुम्ही तिला तसं वाढवलेलंच नाही. पण एका श्रोत्याने तो प्रकार आपल्या फोनवर टिपून घेतला आणि तो आता घरोघर फिरतो आहे. तुमच्यापर्यंत पोहोचला नसेल तर कृपया शोधू नये. मी इथे सगळं सांगतो आहे, आणि त्या चित्रफितीपेक्षा सविस्तर सांगतो आहे.

मुळापासून सुरुवात करतो. आमच्या मागच्या खोलीत सूनबाई रियाज करते, हे तुम्ही पाहिलं आहेच. पण गेल्या वर्षात तिचं नाव झालं आणि फोन सुरू झाले. कोणाला तारीख हवी, कोणाला तीच तारीख बदलून हवी, कोणी विचारतो माइक तुमचा की आमचा. हनुवटीखाली व्हायोलिन, दुसऱ्या खांद्यावर फोन, आणि हातातला गज अधांतरी, अशा अवस्थेत ती पोर दिवसचे दिवस उभी असायची. मग एक दिवस तिची चेलो वाजवणारी मैत्रीण आमच्याकडे जेवायला आली आणि म्हणाली, अगं, तू मॅनेजर का ठेवत नाहीस? माझी एक बाई आहे, तिचा हाच व्यवसाय आहे. तारखा ती ठरवते, करार ती वाचते, पैसे ती वसूल करते, आणि मुख्य म्हणजे जिथे 'नाही' म्हणायचं तिथे माझ्या वतीने 'नाही' म्हणते. त्या बदल्यात मिळकतीतला ठरलेला वाटा घेते.

वाटा हा शब्द कानावर पडला आणि माझा घास हातातच राहिला. मी म्हणालो, घरात एक धडधाकट माणूस निवृत्त होऊन बसलेला असताना बाहेरची बाई कशाला? सूनबाई ताटाकडे बघत होती. आमचे चिरंजीव पाणी प्यायला लागले आणि पेला रिकामा झाल्यावरही पीत राहिले. आमची ही तेवढी म्हणाली, ''तुम्हाला सुरातलं काही कळतं का?'' मी म्हणालो, ''मी जन्मभर पाणीखात्यासाठी पंप खरेदी केले. मला पोहता येतं का?'' हे उत्तर मला त्या वेळी फार छान सुचलेलं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी स्वतःच्या नावाची कार्डं छापून आणली.

पहिला फोन एका कॉलेजातून आला. त्यांनी मानधनाचा आकडा सांगितला. आता व्याहीबुवा, तुम्ही समजून घ्याल असं वाटतं. सबंध आयुष्य मी खरेदीच्या टेबलाच्या एकाच बाजूला बसलेलो. समोरच्याने आकडा सांगितला की माझ्या तोंडून आपोआप ''फार होतात'' असं निघतं. तसं ते निघालं. पलीकडचा माणूस गोंधळला. मी म्हणालो, जरा कमी करा, आपले पुढेही संबंध राहायचे आहेत. त्याने कमी केले. मी आणखी घासाघीस केली आणि त्याला पार खाली आणूनच फोन ठेवला. विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो आणि हिला सांगितलं. हिने गॅस बंद केला, माझ्याकडे पूर्ण वळली आणि विचारलं, ''अहो, पैसे कोण कोणाला देणार होतं?'' (त्या दिवशी सूनबाई हसली होती. आपण होऊन मला म्हणाली की असू द्या बाबा, पहिलंच होतं. ती रागावली असती तर पुढचं टळलं असतं, असं म्हणण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही.)

दुसऱ्या वेळी मी सावध होतो. छापील करार आला, तो मी ओळ न् ओळ वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि सही केली. 'भव्य वातानुकूलित दालन, निवडक प्रेक्षक' असं त्यात लिहिलं होतं. दालन भव्य होतं, थंडही होतं. फक्त ते फर्निचरचं दुकान निघालं. सूनबाईला दोन सोफ्यांच्या मधे उभं केलं होतं आणि तिच्या डोक्यावर सवलतीची पाटी लोंबत होती. एक गृहस्थ पलंगावर उताणे पडून डोळे मिटून ऐकत होते. मी हिला कोपराने ढोसून म्हणालो, बघ, याला म्हणतात रसिक. तेवढ्यात ते उठले आणि विक्रेत्याला म्हणाले की गादी कमरेत दबते. तुमच्या लेकीने तरीही सगळं वाजवलं. घरी आल्यावर व्हायोलिन पुसून पेटीत ठेवताना एवढंच म्हणाली की बाबा, पुढच्या वेळी जागा आधी बघून येऊ या का? त्यातलं 'या' मला त्या वेळी ऐकू आलं नाही. मी म्हणालो, तू वाजव, बाकीचं माझ्यावर सोड.

आता मुख्य प्रसंग. अक्षर बिघडलं तर सांभाळून घ्या. शहरातल्या मोठ्या सभागृहात तिचं एकटीचं वादन ठरलं. हे मी ठरवलेलं नव्हतं, तिच्या गुणांवर आपसूक आलं होतं. माझ्याकडे फक्त फोन घ्यायचं काम होतं. तिथल्या ध्वनियंत्रणेच्या माणसाने विचारलं की साउंड चेकला किती वाजता येता? मी म्हणालो, कसला चेक? तो म्हणाला, आवाज तपासायचा असतो. माझं डोकंच फिरलं. एवढी नावाजलेली पोर आणि हा कोण तिचा आवाज तपासणार! मी त्याला बजावलं की आमच्या सूनबाईंची तपासणी करायची कोणाला गरज नाही, त्या थेट वेळेवर येतील. (साउंड चेक म्हणजे वादकाची परीक्षा नव्हे, माइक-कर्ण्यांची, हे मला आता आमच्या शेजारच्या दाढीवाल्या न्हाव्यानेसुद्धा समजावून सांगितलं आहे.) सूनबाईला मी सांगितलं की तिथे सगळं चोख आहे, लवकर जायचं कारण नाही. तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं.

सभागृह भरलं होतं. आमची ही आणि चिरंजीव पुढे बसले. मी मॅनेजर, म्हणून मी रंगमंचाच्या कडेला पडद्याआड उभा राहिलो. तिथे खांबाला टेकवून एक जादा माइक उभा केलेला होता. तो चालू होता. आधी येऊन तपासणी झाली असती तर बंद करण्यात आला असता, पण तपासणी कोणी होऊ दिली नव्हती ते तुम्ही वाचलंच आहे. सूनबाईने अगदी संथ काहीतरी सुरू केलं. इतकं संथ की गज तारेवर टेकला आहे की नाही कळू नये. सगळे श्वास धरून बसले होते. आणि माझ्या खिशातला फोन वाजला. प्रेक्षकांना फोन बंद ठेवायला सांगणारी पाटी दारावर मीच लावायला लावली होती. पण मॅनेजर कसा बंद ठेवणार? मी माइकाशेजारी उभा राहून फोन घेतला. एका हॉटेलवाल्याचा होता. आणि मग भरल्या सभागृहाने, कर्ण्यांतून, माझ्या घोगऱ्या आवाजात जे ऐकलं ते असं: ''हो हो, वाजवेल की. घरचंच माणूस आहे, म्हणाल त्यात करेल. टेबलांमधून हिंडत वाजवायला काही हरकत नाही. आत्ता जरा हळू वाजवतेय, पण सांगितलं तर वेग वाढवेल.''

मग मागच्या रांगेतून कोणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळेच. मला वाटलं, सूनबाई काहीतरी गमतीचं वाजवते आहे. मी पडद्याआडून डोकावलो. ती गज खाली घेऊन उभी होती. व्हायोलिन हनुवटीखालीच होतं, फक्त कान लाल झाले होते. तिने माझ्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. हशा ओसरेपर्यंत ती तशीच थांबली, आणि मग तेच सगळं पहिल्यापासून सुरू केलं. मी रंगमंचामागच्या खोलीत, जिथे घडीच्या खुर्च्या रचून ठेवतात, तिथे जाऊन बसलो. शेवटच्या टाळ्या भिंतीपलीकडून ऐकू आल्या. त्या बऱ्याच वेळ चालू होत्या, म्हणजे तिने निभावून नेलं असणार.

घरी आल्यावर मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

''बाबा, मी शेवटी काय वाजवलं?''

मी मागे होतो, असं काहीतरी पुटपुटलो.

''तुम्ही मॅनेजर झाल्यापासून माझं एकही वादन पुरतं ऐकलेलं नाही,'' ती म्हणाली. ''आधी मी रियाज करायचे तेव्हा तुम्ही दाराबाहेर पेपर घेऊन बसायचात. माझं नीट जमलं की तुम्ही पान उलटायला विसरायचात. आत मला कळायचं. मी त्यासाठी वाजवायचे हो, बाबा.''

व्याहीबुवा, ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि दोघांचं फिटलं असतं. ती उठून गेली आणि मी कार्डांचा गठ्ठा रद्दीत टाकला.

पुढे चेलोवालीच्या त्या मॅनेजर बाई आल्या. बुटक्या आहेत, फार हळू बोलतात. आल्या आल्या त्यांनी आपला फोन टेबलावर पालथा घातला आणि सूनबाईला विचारलं की तुम्ही रियाज कधी करता, आणि तुम्हाला काय वाजवायचं नाही? हा दुसरा प्रश्न ऐकून पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला कधी पहिलाही विचारला नव्हता. बाईंनी हॉटेलवाल्याला 'नाही' सांगितलं, इतकं गोड सांगितलं की त्याने आभार मानले. सभागृहातल्या ध्वनियंत्रणेच्या माणसाला मात्र त्यांनी मला स्वतः फोन करायला लावला, माफी मागायला. मी मागितली. जाताना म्हणाल्या, ''काका, तुम्हाला एकच काम. सूनबाई वाजवत असतील तेव्हा घरात फोन वाजू द्यायचा नाही.'' ते काम मी करतो. आता सूनबाईचा रंग उजळला आहे, दोन घास जास्त जेवते, आणि मागच्या खोलीतून सलग सूर येतात. तिचा जो वाटा वाचवायला मी निघालो होतो तो बाई घेतात, आणि तरी घरात पूर्वीपेक्षा जास्त येतं. हे गणित मला जन्मभराच्या खरेदीत कोणी शिकवलं नाही.

तुम्ही तिच्या हातात पहिलं व्हायोलिन दिलंत. मी तिला दोन सोफ्यांच्या मधे उभं केलं. म्हणून हे पत्र. माफ करा. विहीणबाईंना माझा नमस्कार सांगावा, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघू नये.

आपला,
खाली मान घातलेला व्याही

ता. क. बाईंनी त्याच सभागृहात पुन्हा कार्यक्रम ठरवला आहे आणि सगळी तिकिटं संपली आहेत. वादकाच्या घरच्यांसाठी चार जागा असतात. सूनबाईने मला विचारलं होतं, बाबा, तुमचं नाव लिहू? मी तोऱ्यात म्हणालो, छे, मला कुठे वेळ आहे. तेव्हा ही आणि चिरंजीव यांच्या सोडून उरलेल्या दोन जागा तुम्हा उभयतांना गेल्या. आता बाईंकडे मागायला तोंड नाही. तुमच्याकडून इतका लांबचा प्रवास, त्यात बस बदलावी लागते, परतीला उशीर होतो. त्या दिवशी तुम्हाला काही महत्त्वाचं काम निघण्यासारखं असेल तर आधी कळवावं. जागा कुठलीही चालेल.

आणखी एक. हे पत्र सूनबाईला दाखवू नये. दाखवायचंच झालं तर सहीपर्यंत दाखवावं, ताजा कलम दुमडून घ्यावा.

पाकीट चिकटवलेलं पुन्हा उघडून लिहितो आहे. वरची सूचना रद्द समजावी. फक्त ताजा कलम तेवढा तिला दाखवा. मला तोंडाने सांगता यायचं नाही.