तिसऱ्या मोरासाठी लेन्स

३ जानेवारी, शुक्रवार

जमणार नाही. आधीच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको.

ऋचाच्या शाळेचं गॅदरिंग एक फेब्रुवारीला आहे, आर्णीला. मोराचा नाच. माझी लेक उजवीकडून तिसरा मोर. गेल्या रविवारी फोनवर सगळं रीतसर सांगितलं तिनं, पिसारा कोणी शिवला, पायात घुंगरू आहेत की नाहीत, सगळं. आणि शेवटी: "बाबा, माहा फोटो काढजा. चेहरा दिसला पायजे."

गेल्या वर्षीचा फोटो तिच्या मामानं पाठवला होता, मोबाइलवर काढलेला. स्टेजवर नुसत्या मुंग्या. त्यातली माझी मुंगी कोणती ते मला अजून कळलेलं नाही.

निशिगंधा ऋचाला घेऊन माहेरी आर्णीला गेली त्याला दोन वर्षं झाली. केस चालू आहे. तोवर मला रविवारचा फोन, बस्स. गॅदरिंगला जाऊ का, म्हणून वकीलसाहेबांना विचारलं. म्हणाले, जा खुशाल, पण मंडळींच्या समोर जाऊ नका, तिथं बोलाचाली झाली तर तारखेला अंगावर येईल. म्हणजे मागं उभं राहायचं, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली. तिथून स्टेज म्हणजे आमच्या ऑफिसातून साहेबांची केबिन – असते, पण दिसत नाही.

कॅमेरा आहे. ऋचा झाली तेव्हा घेतलेला. त्याच्यासोबत आली ती लेन्स जवळची, पाळण्यातलं मूल काढायला ठीक. लांबचं काढायला टेलिफोटो झूम लागते. आमच्याकडे पाळणाही नाही आता आणि झूमही नाही.

६ जानेवारी, सोमवार

व्हिडिओ बघून बघून डोळे गेले. एक दाढीवाला आहे, तो प्रत्येक लेन्सला 'बजेट' म्हणतो. कोणाचं बजेट? पाटबंधारे विभागातल्या लेखनिकाचं नक्कीच नाही.

एवढं समजलं की स्वस्तातली झूम लांबचं जवळ आणते, पण उजेड आत घेत नाही. गॅदरिंग दिवेलागणीनंतर. जी उजेड घेते ती मला परवडत नाही, जी परवडते ती रातांधळी. वर पोरगी नाचणार, म्हणजे हलणार. कमी उजेडात हलतं माणूस काढलं की धूर येतो, माणूस येत नाही.

आई जेवायला वाढताना म्हणाली, "एवढ्या लांबून कायले काढतं? जवळ जाऊन काढ ना." आईला कोर्ट समजावून सांगण्याची ताकद माझ्यात नाही. भात मागितला.

११ जानेवारी, शनिवार

बाबूसिंगच्या स्टुडिओत गेलो. पांढरकवड्यातली निम्मी लग्नं त्यानंच काढलीत, माझंही. (त्या अल्बमचा विषय त्यानं काढला नाही. भला माणूस.) त्याच्याकडची मोठी लेन्स मागून बघितली. एक तारखेला वणीचं लग्न आहे, म्हणाला, नाहीतर दिली असती. खरं असेल.

जुनी घ्या, म्हणाला. मोबाइलवर शोधून दिली – राजूरला एक जण विकून राह्यला. उद्या जातो. काही होणार नाही, पण जातो.

१२ जानेवारी, रविवार

काही झालं नाही.

सकाळी गाडीवर निघालो. काय ती थंडी! कान बधिर. दुपट्टा असता तर डोक्याला गुंडाळला असता, पण तोही आर्णीलाच राहिला, इतर सगळ्यासारखा. पांढरा, लाल काठाचा. एका कोपऱ्याला इन्व्हर्टरच्या बॅटरीचं ॲसिड सांडून रुपयाएवढं भोक पडलेलं. त्या दुपट्ट्यानं मी दोन वर्षं एसटीत जागा धरली. निशिगंधा तेव्हा इथं डी.एड.ला होती, आर्णीहून जाऊन येऊन करायची. संध्याकाळी गाडी स्टँडवर लागली की मी खिडकीतून दुपट्टा आत टाकायचो. गर्दी चढायची, भांडायची, पण दुपट्टा टाकलेल्या जागेवर कोणी बसायचं नाही. मग ती आरामात चढायची आणि बसायची. मला जायचंच नसायचं कुठं. आमचं लग्न जमलं ते एवढ्यावरच. आता हे कोणत्या कागदावर येणार? तारखेला फक्त काय काय बिघडलं ते विचारतात.

राजूरचा माणूस चांगला होता. चहा दिला. पण लेन्स – तिची रिंग फिरवली की करकर वाजते. झूम आतबाहेर होते तेव्हा हवा ओढते, आणि राजूरला कोळशाच्या खाणी, तिथल्या हवेत काय आहे ते सांगायला नको. आत बॅटरी मारून बघितलं तर काचेवर काळी पूड. कोळसाच! तो म्हणाला, "फोटोत नाही येत हो ते." मला खरं वाटलं नाही. नको म्हणालो. घुग्घूसच्या एकानं लगेच घेतली म्हणे, परत येईस्तोवर मेसेज.

संध्याकाळी ऋचाचा फोन. कॅमेरा आणता न, विचारलं. हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ऑफिसात सगळ्यांनी गोड बोला म्हणून सांगितलं. मी बोललोच नाही.

१८ जानेवारी, शनिवार

घेतली!

यवतमाळला गेलो होतो. कॅमेऱ्याचं दुकान. सत्तर ते तीनशेची झूम, नवी, आणि त्यातल्या त्यात स्वस्त. बाबूसिंगला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, माह्याकडं सेम होती, घ्या डोळे झाकून. दुकानदार जेवायला जायच्या घाईत होता. मीही घाईत होतो – पहिल्यांदाच काहीतरी माझ्या ऐपतीत बसत होतं, ते निसटायच्या आत खिशात घालावं असं झालं होतं.

परतीच्या गाडीत डबा मांडीवर धरून बसलो. बरं वाटलं. किती महिन्यांनी हे लिहितोय ते बघायला मागची पानं चाळत नाही.

१९ जानेवारी, रविवार

माझंच नशीब, मीच गाढव.

लेन्स लावली. टेबलावरच्या तिळगुळाच्या डब्याकडे धरली. बटण अर्धं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. डबा धूसर तो धूसर. अर्धा दिवस कॅमेऱ्याशी भांडून मग कळलं. फोकस आपोआप लागायला कुठंतरी मोटर असावी लागते, कॅमेऱ्यात नाहीतर लेन्समध्ये. माझा कॅमेरा साधा, त्यात नाही. ही लेन्स स्वस्त, हिच्यातही नाही. दोघंही एकमेकाच्या भरवशावर! म्हणून तर स्वस्त होती.

बाबूसिंग म्हणाला, "माह्या कॅमेऱ्यावर तर चालते." चालणारच. त्याच्यात मोटर आहे. दुकानदाराला फोन केला. डबा फोडला की परत नाही म्हणे. कोणावर रागवावं तेही धड ठरत नाही.

म्हणजे हातानं रिंग फिरवून फोकस लावायचा. अंधारात. नाचत्या मोरावर. चष्म्यातून.

ऋचाला फोनवर लेन्स आल्याचं सांगितलं. एवढी खूश झाली की पुढचं काही सांगवेना.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी हायवेला उभा राहून ट्रकच्या नंबरप्लेटवर सराव केला. हैदराबादकडे जाणारे सगळे ट्रक धूसर. नागपूरकडे जाणारेही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला ऑफिसात कॅमेरा नेला. साहेबांचा एक फोटो बरा आला, कारण साहेब हलत नाहीत.

त्यावरून बाबूसिंगनं युक्ती सांगितली. स्टेज काही हलून राह्यलं नाही, दिवसाउजेडी लवकर जा, स्टेजवर फोकस लावा अन् रिंगला चिकटपट्टी मारून टाका. मग नुसतं बटण दाबत राहा. मला पटलं. निदान हात थरथरला तरी रिंग तर हलणार नाही.

संध्याकाळी ऋचा फोनवर. पिसाऱ्याला खरी पिसं लावलीत दोन. मागून निशिगंधाचा आवाज आला, काय ते कळलं नाही. मग ऋचा म्हणाली, "आई म्हणते, पुढच्या खुर्च्या लवकर भरतात."

समजलं. पुढं जागा नाही, उगाच पुढं येऊ नका. सरळ म्हणायचं तरी! पोरीच्या तोंडून कशाला? मी काय पुढं येऊन तमाशा करणार होतो? ठीक आहे, सांग आईला, म्हणालो, बाबा मागंच उभे राहतील. ऋचानं सांगितलं की नाही कोण जाणे, तिला नाचाची स्टेप दाखवायची घाई होती. फोनवर स्टेप दाखवतेय वेडी. मी घुंगरू ऐकले.

मग जेवलो नाही. राग आला होता. आता राग नाही, नुसतं वाईट वाटतंय.

३१ जानेवारी, शुक्रवार

बॅटरी चार्ज. चिकटपट्टी खिशात. शर्टाला इस्त्री केली, मग वाटलं, मागं कोण बघणार आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

जाऊन आलो. अंगात लिहायचं त्राण नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहूनच टाकतो.

उन्हं असतानाच पोचलो. मैदानात खुर्च्या मांडत होते. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली जागा धरली. स्टेजवर फोकस लावायचा तर स्टेज अजून मोकळं, मागं नुसता पडदा, धड काही पकडता येईना. पुढं माइकचा दांडा उभा होता. त्याच्यावर रिंग फिरवून फिरवून नेमका फोकस आणला. दांडा असा लख्ख की त्यावरचा गंज दिसावा! मग चिकटपट्टी मारली. त्या क्षणी मला वाटलं, सलीलराव, जमलं तुम्हाला.

हळूहळू गर्दी झाली. निशिगंधा आलेली दिसली, पाठमोरी, पहिल्या रांगेत बसली. मी मान खाली घातली. मग दिवे लागले, पाहुण्यांची भाषणं झाली, भाषणं संपेनातच. आणि मोर आले.

मी दाबत सुटलो. पुढची डोकी मध्ये येत होती, पण नशिबानं पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावरून ऋचा बरोबर समोर. हललोच नाही तिथून. कॅमेऱ्याच्या फाइंडरात काही कळत नव्हतं, चष्मा आणि डोळे दोन्ही ओले. पण ती नाचली. काय नाचली! एकदा पिसारा तिरपा झाला तर नाचता नाचताच सरळ केला. माझी पोर. ओरडून सांगावंसं वाटलं शेजारच्याला. शेजारी सायकली होत्या.

नाच संपल्याबरोबर निघालो. वकीलसाहेबांचं ऐकलं.

घरी येऊन बघितलं. माइकचा दांडा स्टेजवर नव्हताच – स्टेजच्या खाली, खुर्च्यांना लागून उभा केलेला. मोर नाचले मागं, पडद्याजवळ. सगळे फोटो धूसर. हिरवे-निळे ढग. गेल्या वर्षी मुंगी तरी होती.

संध्याकाळी ऋचाचा फोन. आवाज बारीक.

"तुमी आलेच नाही ना बाबा."

"आलो होतो बेटा. मागं होतो."

"मागं कायले?"

उत्तराला न थांबता म्हणाली, फोटो पाठवजा मग. आलो होतो याचा पुरावा मागितला तिनं. आठ वर्षांची पोर. मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर आईसमोर रडलो. आई दिवा लावायला गेली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाठवण्यासारखा एक तरी सापडेल म्हणून ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर सगळे उघडले. ऋचा एकातही नाही. पुढची रांग मात्र लख्ख, प्रत्येक फोटोत. निशिगंधा. तिच्या शेजारची ती रिकामी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर पांढरा दुपट्टा टाकलेला, लाल काठाचा. मोठं करून बघितलं. कोपऱ्याला भोक आहे.

शेवटच्या फोटोत निशिगंधा मान वळवून मागं, फाटकाकडे बघतेय.