रखमीच्या तीन गोळ्या

प्रिय मीना,

टोकावड्याची हवा तुला मानवलेली दिसते, फोनवर किती हसतेस! मला मात्र आठ दिवस जेवण जात नाही. तुला फोनच करणार होते, पण तू हसली असतीस, मग मीही हसले असते आणि बोलायचं राहून गेलं असतं. म्हणून हे पत्र, तुझ्या भावाच्या, सुयोगच्या हाती.

आमच्या शेणव्याच्या वरच्या पाड्यावरची रखमी तुला सांगितली होती. टीबीची पेशंट, बेचाळीस किलो, रोज तीन गोळ्या. नियम आपण दोघी ट्रेनिंगमध्ये एकाच बाकावर बसून शिकलो: आशाताईनं रोज जायचं, गोळ्या डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या, मगच कार्डावर खूण करायची. आणि बाहेर येऊन काय म्हणालो होतो, आठवतं? चांगल्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बसायला आपण काय पोलीस आहोत? शिवाय आपण दारात दिसलो की सगळ्या पाड्याला कळतं, कुणाला काय झालंय ते. रखमीला त्याची लाज वाटायची, मला चढ चढायचा कंटाळा यायचा, दोघींचं छान जमलं. सोमवारी आठवड्याच्या गोळ्या द्यायच्या, रिकामी पाकिटं मोजून घ्यायची आणि सात खुणा एकदम. एकही पाकीट कधी कमी नव्हतं. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कार्ड सगळ्यांना दाखवलं, आणि मी मान वर करून बसले होते गं!

दोन महिन्यांनी तिची थुंकी पुन्हा तपासली. जंतू तसेच, वजन उलट दोन किलोनं उतरलेलं. मी भडकले. म्हटलं, बाई गोळ्या चुलीत टाकते आणि मला पाकिटं दाखवते. तिला रंगेहाथ पकडायचं म्हणून सकाळी सातलाच न सांगता जाऊन धडकले.

रखमी चुलीपाशी बसली होती. तिनं तीन गोळ्या डब्याच्या झाकणात काढल्या. एक नवऱ्याला, नामाला दिली. एक सुनेला, जनीला. तिसरी स्वतः गिळली, पाणी प्यायली आणि मला बघून हसली. लपवाछपवी काहीच नाही. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. हे काय करतेस म्हणून ओरडले, तर तिलाच नवल वाटलं. म्हणाली, "तूच नावं लिवलीस ना गो बाय? घरात कोन कोन खोकतं इचारलंस, तीन नावं लिवलीस, तीन गोल्या दिल्यास. मी एकटी कशी खाऊ?"

मीना, नावं मीच लिहिली होती. नामा आणि जनीची तपासणी करायची म्हणून. ती दोघं कामावर, माझी कधी गाठच पडेना, कागद पिशवीतच राहिला. एकदा जरी त्या चुलीपाशी बसले असते तर पहिल्याच सकाळी कळलं असतं.

तपासणीत नामा सुटला. जनीला टीबी निघाला. रखमीला ह्या गोळ्या अजून लागू पडतात की नाही, त्याचा रिपोर्ट यायचाय. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, खुणा खोट्या आहेत हेसुद्धा. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आता रोज चढ चढते.

तुझं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. पण सोमवारची ती युक्ती तुला मीच शिकवली, मोठ्या तोऱ्यात. परवा तू फोनवर सहज म्हणालीस, तुझ्या पेशंटची, भगीरथची पाकिटं रिकामी असतात, कार्ड भरलेलं आहे, तरी मेल्याचं वजन काही वाढत नाही. तू हसत होतीस आणि मला झाकणातल्या त्या तीन गोळ्या दिसत होत्या. पत्र वाचलंस की सकाळीच त्याच्याकडे जा, सोमवारची वाट बघू नकोस. भगीरथच्या घरात आणखी किती जण खोकतात, हे मी तुला कधी विचारलंच नाही.

तुझीच,
रेश्मा